मथुराकाकीची पहाटेची पेज

मथुरा तारीला पहाटे उठायला कधी गजर लागला नाही. लग्न होऊन वाडीत आली तेव्हापासून ती कोंबड्याच्या आधी उठते, आणि इथले कोंबडे मुळातच आळशी आहेत असं तिचं ठाम मत आहे. मालवणच्या दक्षिणेला, खाडी समुद्राला मिळते त्या अंगाला ही वाडी. नवरा गणपत होडी घेऊन दर्यावर जायचा, पुढे मुलगा धनेश त्याच्यासोबत जाऊ लागला, आणि दोघांना न्हेरी घालून काळोखातच किनाऱ्याकडे लावून देणं हे मथुरेचं काम होतं. न्हेरी म्हणजे सकाळचं खाणं. पण मथुरेच्या घरची न्हेरी सकाळ व्हायच्या आत आटपलेली असायची. होडी परत कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून ती असं काही खायला घालायची की दुपार टळून गेली तरी माणूस तग धरून राहावा.

मग एक दिवस हे सगळं थांबलं. गणपतचे गुडघे गेले, होडी विकली, धनेश गोव्याला इंजिनं दुरुस्त करायच्या कामाला लागला आणि त्याने तिकडेच बिऱ्हाड केलं. घरात राहिली दोघं, आणि त्यातला एक ऊन दारात आल्याशिवाय अंथरूण सोडायला तयार नाही. मथुरा मात्र उठायची ती उठायचीच. चूल पेटवायची, चहा करायची, एकटीच प्यायची, आणि मग करण्यासारखं काही नाही म्हणून घासलेली भांडी परत घासायला घ्यायची.

“अगो, भांड्यांची कल्हय जायत!” गणपत आतून ओरडायचा.

“तुझी झोप जायत तर बरा,” ती म्हणायची.

तोंड असं चालायचं, पण तिला आतून फार रिकामं वाटायचं. आपल्या हातचं खाऊन आता कोणीच बाहेर पडत नाही, ही गोष्ट तिला सहन होत नव्हती. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नाही. मथुरा रागावलेली सगळ्या वाडीने ऐकली आहे, रडलेली कोणी ऐकलेली नाही.

तिच्या परसाच्या गडग्यापलीकडे मुकादमांचं घर आहे. गडगा म्हणजे चिऱ्यांचं कुंपण, आणि या गडग्याला मधोमध एक खिंडार आहे. कधीतरी तिथले चिरे ढासळले, ते कोणी परत लावलेच नाहीत, कारण कालवणाच्या वाट्या, फणसाचे गरे आणि पोरं यांची ये-जा तिथूनच सोयीची पडते. मुनाफ मुकादम बर्फाचा टेम्पो चालवतो. बंदरावरच्या मासळीला लागणारा बर्फ त्याच्याच टेम्पोतून येतो. माघात लादी उतरवताना त्याचा पाय घसरला, तो पाठीवर आपटला आणि मणक्याला मार बसला. पायांना मुंग्या यायला लागल्या, मग चालणंच बंद झालं. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन करायचं ठरलं. बायको नफिसा सोबत जाणार हे उघडच होतं. घरी राहणार होती मुनाफची म्हातारी आई जैतूनबी आणि दोन मुलं, सहावीतली तहसीन आणि तिच्यामागचा उजेर. आणि रमजान अगदी तोंडावर आला होता.

निघायच्या आदल्या दिवशी नफिसा खिंडारातून आली ती डोळे पुसतच.

“काकी, पोरांच्या सहरीचा काय करू? माँची नजर गेली, हात थरथरतत. पहाटेच्या काळोखात तिका गॅस पेटवूक देवचा म्हणजे माका भय वाटता.”

सहरी म्हणजे रोजा धरण्याआधी, उजाडायच्या आत घ्यायचं खाणं. हे मथुरेला ठाऊक होतं. इतकी वर्षं गडग्यापलीकडे रमजानात पहाटे दिवा लागलेला ती बघतच आली होती. वाडीत तिच्याआधी कोणी उठतं ते फक्त त्या महिन्यात, आणि याचा तिला थोडा रागही यायचा.

“मगे ह्या घराक काय चूल नाय?” ती म्हणाली. “मी तशीय जागी आसतंय. पोरांका माझ्याकडे धाड.”

“रोज पहाटे, काकी?”

“रोज नाय तर काय दोन दिसांनी जेवतली ती? जा, घोवाक बघ तू.”

नफिसा गेली. त्या रात्री मथुरेने चुलीजवळचा ओटा दोनदा सारवून घेतला. गणपतने विचारलं, काय सण आहे का? ती खूश होती, आणि ते नवऱ्याला कळू देण्यात तिला काही अर्थ दिसत नव्हता.

तहसीनचं पूर्ण रोजे धरायचं हे पहिलंच वर्ष. किडकिडीत पोर, पण मनात एकदा घेतलं की घेतलं. उजेर अजून लहान, त्याचा ‘चिमणीचो रोजो’. म्हणजे दुपारपर्यंत उपाशी राहायचं आणि मग सगळ्यांना सांगत सांगत जेवायचं. पण तहसीनला दादीने एक गोष्ट सांगितली होती: रोजा सोडायच्या वेळी मागितलेली दुवा अल्ला ऐकतो. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं होतं की अब्बांचं ऑपरेशन ज्या दिवशी असेल त्या दिवशी आपला रोजा पुरा व्हायलाच हवा, आणि संध्याकाळी खजूर हातात घेऊन अब्बांचे पाय मागायचे. हे तिने अम्मी गेली त्याच संध्याकाळी मथुराकाकीला सांगून टाकलं. मथुरेने मान डोलावली. नवस कळायला तिला कुठली वेगळी भाषा लागत नव्हती.

आता उपासाच्या बाबतीत मथुरेला कोणी काही शिकवावं अशी सोय नव्हती. सोमवार, संकष्टी, एकादशी, नवरात्र, शिवाय नवसाचे वेगळे. उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही, यावर वाडीतल्या बायका तिचा शब्द अखेरचा मानतात. तेव्हा पहिल्या रोजाच्या पहाटे तिने आपली सगळी विद्या पणाला लावली. साबुदाणा आदल्या रात्री भिजत घातला. शेंगदाण्याचं कूट सढळ, तूप त्याहून सढळ, हिरव्या मिरच्या ठेचून, मीठ सैंधव. जोडीला तळलेले रताळ्याचे काप आणि गूळदाण्याचा लाडू. तांदळाचा एक दाणाही पोरांच्या पानात येणार नाही याची तिने डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली.

मुलं खिंडारातून आली, झोपेने पेंगत पाटावर बसली. उजेरने ताटलीत बघितलं.

“काकी, भात नाय?”

“उपासाक भात? शिरा पडो तुझ्या तोंडार!”

ही मथुरेची नेहमीची मायेची शिवी. उजेरने बहिणीकडे बघितलं. बहिणीने त्याला चिमटा काढला, कारण काकी देईल ते गुमान खायचं असं अम्मी बजावून गेली होती. दोघांनी खिचडी संपवली. चांगलीच झाली होती, म्हणून तहसीनने पुन्हा घेतली. मशिदीतून अजान व्हायच्या आत तिने तांब्याभर पाणी एका दमात पोटात ओतलं आणि शाळेच्या तयारीला गेली. मथुरा दारात उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी तिने कोणाला तरी न्हेरी घालून लावून दिलं होतं.

दुपारच्या आधीच शाळेतल्या बाई तहसीनला रिक्षातून घरी घेऊन आल्या. मधल्या सुट्टीनंतर तिच्या छातीत जळजळायला लागलं, घसा वाळला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि वर्गाबाहेर येऊन ती ओकली. बाईंनी तिला सावलीत बसवलं, पाणी पाजलं. रोजा सुटला. पोरगी दादीच्या मांडीत तोंड खुपसून रडत होती, आणि ते रडणं पोटदुखीचं नव्हतं.

“बाये, तब्येत बिघाडली तर रोजो सोडूक मुभा आसा,” जैतूनबी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होती. “तू ल्हान आसंस अजून. पुढच्या वर्सा धर.”

“पण अब्बांच्या दिसाक काय करू मी?”

खिंडारात उभ्या असलेल्या मथुरेने हे ऐकलं. ती आत आली, पोरीसमोर बसली. आपल्याला काय विचारायचं आहे ते तिला नेमकं माहीत होतं, कारण दर्यावरून आलेल्या माणसांनाही ती हेच विचारायची.

“आधी पोटात आग पडली की घशाक कोरड?”

“आग,” तहसीन हुंदके देत म्हणाली. “मगे कोरड. भूक नाय लागाक, काकी. फक्त आग.”

मग तिच्या मनात एक शंका आली. बहिणीबरोबर घरी आलेल्या उजेरला तिने दबक्या आवाजात विचारलं, “तुमच्या उपासाक भात चलता रे?”

“आमच्यात सहरीक सगळा चलता काकी! भात, अंडा, मासो, सगळा. उजाडल्यार मात्र पाणीसुदीक नाय.”

“मगे सकाळी सांगलंस कित्याक नाय?”

“मी इचारलंय मा! तूच म्हणालंस, शिरा पडो.”

मथुरेने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, आणि आतापर्यंत रडत असलेली तहसीन, इच्छा नसतानाही, हसली.

संध्याकाळी नफिसाचा फोन आला. तिला सगळं कळलं होतं, आणि तिचा आवाज थकलेला होता. आता बस, म्हणाली. इकडे एक माणूस खाटेला खिळलेलं आहे, तिकडे दुसरं पडायला नको. तहसीनचे रोजे या वर्षी बंद. मथुरा फोन घेऊन अंगणात उभी होती. दुसऱ्या कोणी अशा वेळी पोरीच्या अंगावर ढकललं असतं, सवय नाही तिला, अशक्त आहे. मथुरेने तसं केलं नाही.

“पोरीची चूक नाय गो. माझी. मी तिका आमचो उपास घातलंय. तूप नि मिरची नि तळलेला. चार दिस थांब, मी बघतंय काय ता.”

रात्री तिला जेवण गेलं नाही. गणपत भात कालवत बसला होता. तो फारसं बोलणारा माणूस नव्हे, पण वर्षातून दोनेकदा त्याच्या तोंडून शहाणपणाचं काही निघून जातं, आणि नेमकं तेव्हाच मथुरेला ते आवडत नाही.

“दर्यार धाडताना आमका कधी साबुदाणो घातलंस गो?” तो म्हणाला.

मथुरेचा हात थांबला.

खरंच की. होडीत पिण्याचं पाणी बेताचं, सावली नाही, खायला वेळ नाही, आणि परत कधी ते ठाऊक नाही. तशा माणसाला तिने कधी मिरची घातली नव्हती, तळकट घातलं नव्हतं, खारवलेल्या बांगड्याचा तुकडा तर न्हेरीच्या वेळी ती फळीवरून काढूच द्यायची नाही. ही पोर काय वेगळं करत होती? पहाटे खाऊन निघणार, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, उन्हात शाळा, आणि संध्याकाळी परतायचं. सोमवार-संकष्टीशी याचा काही संबंध नव्हता. ही दर्यावर जायचीच न्हेरी होती, आणि ती तर मथुरेला झोपेतही करता आली असती. ‘उपास’ ऐकलं आणि ती आपली सगळी विद्या घेऊन भलत्याच वाटेने गेली होती.

“तुका आता सुचता ह्या?” ती नवऱ्यावर खेकसली. “काल खंय होतंस?”

“निजलंय होतंय,” गणपत म्हणाला आणि भात खाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने उकड्या तांदळाची पेज चढवली. आपल्याकडे पेज म्हणजे गरिबाचं खाणं असं समजून पाहुण्यांपुढे ती कोणी ठेवत नाही. मला हा शुद्ध अडाणीपणा वाटतो, पण ते असो. मथुरेने त्यात मूठभर मूग टाकले आणि दाणा बोटाने दाबला तर मोडेल इतका शिजू दिला. ओल्या काजूचे दिवस होते, त्याचे गर सोलून त्यात घातले. शेवटी नारळाचं पातळ दूध आणि चिमटीभर मीठ, त्याहून कण जास्त नाही. ही पेज तिने कोणाला वाढली नाही. आपण स्वतः प्यायली, वर एक केळं खाल्लं, घोट घोट पाणी घेतलं आणि मग दिवे लागेपर्यंत तोंडात थेंब घेतला नाही. दुसऱ्याच्या पोराच्या पोटावर परत प्रयोग करायचा नाही, एवढं तिने ठरवलं होतं. दिवसभर ती नेहमीसारखी वावरली, परसातली झाडं शिंपली, उन्हात काजू गोळा केले, आणि गणपत तिच्याकडे संशयाने बघत राहिला. दुपारी तहान लागली, पण सोसवेल इतपत. भूक लागली ती उन्हं कलल्यावर. आग मात्र कुठे पडली नाही.

तरी तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी पेज थोडी दाट केली आणि मीठ आणखी कमी केलं. पाणी एकदम न पिता, उठल्याबरोबर थोडं, खाताना थोडं आणि शेवटी थोडं असं घेतलं. तो दिवस पहिल्यापेक्षा बरा गेला. तिसऱ्या दिवशी तिने नफिसाला फोन लावला.

“एक डाव पोरीक रोजो धरूक दी. मी स्वतः करून बघलंय.”

“काय करून बघलास काकी?”

“ता जाव दे. तू हो म्हण.”

मग नफिसा म्हणाली, “एकच डाव. परत पडली तर ह्या वर्सा नाव काढूचा नाय.” आणि पुढे जे म्हणाली ते मथुरेने दोनदा विचारून घेतलं. डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडे घेतलं होतं. ते आता उद्याच होतं.

म्हणजे आधी एखादा साधा रोजा धरून बघू, जमलं तर मग तो मोठा दिवस, असं जे मथुरेने मनात योजलं होतं ते सगळं गेलं. नफिसाने दिलेला एकच डाव आणि तोच अब्बांचा दिवस. हे ऐकून तहसीनचे डोळे मोठे झाले. भीती वाटली की आनंद झाला, ते तिचं तिलाच कळलं नसावं.

“काकी, माका जमात?”

मथुरेला खोटं बोलता आलं असतं. “पेज माझी आसा,” ती म्हणाली, “पोट तुझा. दोघांनी आपापला काम करूचा.”

त्या पहाटे ती उठली तेव्हा मुकादमांकडेही दिवा नव्हता. उकडे तांदूळ आदल्या रात्रीच धुऊन ठेवले होते. पेज रटरटू लागली तशी तिने तव्यावर घावणे घातले, तेलाचा नुसता हात फिरवून, जाळीदार आणि मऊ. अंडी उकडली. मुलांना तिने लवकरच हाक मारली, कारण घाईत गिळलेलं पोटात नीट बसत नाही हे तिने होडीच्या माणसांत कैकदा पाहिलं होतं. तहसीन पाटावर बसली. मथुरा तिच्यासमोर अशी बसली की जणू परीक्षा तिचीच आहे.

“चावून खा. पेज पिऊची नाय, खावची. आता पाण्याचो एक घोट. बस. घावणो घे.”

“काकी, पोट भरला.”

“भरला तर रव दे. डोक्यापर्यंत भरूचा नाय. केळा मात्र खा.”

उजेरने सगळं दोनदा खाल्लं, कारण त्याच्या चिमणीच्या रोजाला असा काही नियम नव्हता. शेवटी खजूर, शेवटी पाणी, आणि तेवढ्यात खाडीपलीकडच्या मशिदीतून अजान ऐकू आली. तहसीनने ओठ मिटले. मथुरेनेही, तिच्या नकळत, ओठ मिटले.

तो दिवस मथुरेने कसा काढला ते तिलाच विचारावं. मुनाफला आत घेतल्याचा फोन सकाळी आला. ती चुलीपाशी गेली, परत आली, विहिरीवर गेली, परत आली. दुपारी ती शाळेच्या कुंपणाशी पोचली. हातात एक पिशवी होती, कोणी विचारलंच तर बाजारात चालले आहे असं सांगायला, आणि पिशवी रिकामी होती. तहसीन झाडाखाली मैत्रिणींबरोबर बसली होती. तिने काकीला बघितलं, लाजली, आणि हातानेच ‘जा गो’ म्हणून खुणावलं. चेहरा कोमेजला नव्हता. तरी मथुरा शाळा सुटेपर्यंत तिथून हलली नाही.

मुलं घरी पोचतात न पोचतात तोच नफिसाचा फोन आला. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. जैतूनबीने दोन्ही हात वर केले, उजेर अंगणभर नाचला. मथुरेला वाटलं, झालं, सुटलो. तिने पटकन पाण्याचा पेला भरून पोरीसमोर धरला. ऊन कडक होतं आणि पोरीचे ओठ आता सुकलेले दिसत होते.

“घे बाये. झाला ना सगळा चांगला? आता रोजो सोडलंस तरी चलात. तू ल्हान आसंस.”

तहसीनने पेल्याकडे बघितलं. तिला तहान लागली होती, ते लपत नव्हतं. पण तिने मान हलवली.

“ऑपरेशन झाला काकी. अब्बा अजून चालाक नाय. माझी मागणी रवली आसा.”

मथुरेने पेला मागे घेतला. उभ्या आयुष्यात तिने कितीतरी हट्टी माणसं पाहिली होती, एकाशी तर संसार केला होता. पण या एवढ्याशा पोरीबद्दल तिला एकदम आदर वाटला. ती आपल्या परसात गेली; गणपतला गुडघे विसरायला लावून माडावरची शहाळी काढायला लावायचं तिच्या मनात होतं, पण ती शेवटी शेजारच्या पोराकडून काढून घ्यावी लागली.

सूर्य खाडीत उतरला. मुकादमांच्या पडवीत चटई घातली. जैतूनबी, दोन मुलं, एका कडेला मथुरा आणि पायरीवर गणपत. अजान झाली. तहसीनने खजूर उचलला, डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली. ती मागत राहिली. पोरीला घाई नव्हती.

“आपा, बेगीन माग गो,” उजेर कळवळून म्हणाला. “भजी थंड जातत.”

तिने खजूर तोंडात टाकला. शहाळ्याचं पाणी प्यायली, दोन्ही हातांनी धरून. मग मथुरेकडे वळून तिने, कोणी विचारायच्या आधीच, दर्यावरून परतलेल्या माणसासारखी खबर दिली.

“आग नाय पडाक. कोरड पडली ती शाळा सुटल्यार. भूक लागली तेच्यामागसून. पण काकी, मी पडाक नाय.”

“नाय पडलंस,” मथुरा म्हणाली, आणि पदराने तोंड पुसायचं निमित्त करून तिने डोळे पुसले. वाडीने तिला रडताना ऐकलं नाही ते नाहीच.

त्यानंतर नफिसानेच बंदी उठवली. मथुरेची चूल रोज पहाटे पेटू लागली. कधी मुगाची पेज, कधी मऊ भात आणि ताज्या मासळीचं फिकं सार, उजेरसाठी गूळ घातलेली नाचणीची आंबील. रोज संध्याकाळी तिचा तोच प्रश्न, आधी काय, आग की कोरड, आणि उत्तर ऐकून दुसऱ्या दिवशीच्या मिठात, पाण्यात बारीकसा फेर. ज्या दिवशी तहसीनचं डोकं दुखत होतं त्या दिवशी मथुरेनेच तिला रोजा धरू दिला नाही, आणि जैतूनबीने तिची बाजू घेतली. मोहल्ल्यातल्या आणखी आया खिंडारातून येऊन विचारून जाऊ लागल्या. गावातला निलेश मोबाईलवर बातम्या देतो, तोही एक दिवस फोन समोर धरून आला. एकतेचं दर्शन घडवणाऱ्या माऊलीने दोन शब्द बोलावेत, असं काहीतरी शुद्ध मराठीत म्हणाला.

“शेजारच्या पोरांका पेज घातलंय,” मथुरा कडाडली. “ह्येत बातमी कसली? तुझ्या आवशीन तुका इतकी वर्सां जेवूक घातल्यान, ता कधी दाखवलंस? चल, वाटेक लाग!”

निलेश वाटेला लागला, आणि बरं झालं.

रमजान सरत आला तेव्हा मुनाफ घरी आला. गाडीतून उतरला तो वॉकरला धरून, पण स्वतःच्या पायांवर. अंगणातून पडवीपर्यंतचं ते चालणं सगळी वाडी बघत होती. तहसीन अब्बांकडे बघत नव्हती. ती त्यांच्या पावलांकडे बघत होती. रात्री नफिसा मथुरेकडे आली, तिचे दोन्ही हात धरून म्हणाली,

“काकी, खूप केलास. आता तुमी निवांत निजा. उद्यापासून मी आसंय.”

चांगल्याच मनाने म्हणाली बिचारी. मथुराही हसली, म्हणाली, हो गो, आता जरा झोपते.

पण पहाटे डोळा उघडायचा तो उघडलाच. ती उठली, चुलीपाशी बसली. चूल पेटवली नाही. गडग्यापलीकडे दिवा दिसत होता, भांड्यांचा आवाज येत होता. आपलं माणूस आपल्या घरी आलं, पोरांना आई मिळाली, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, असं तिने स्वतःला दोनदा बजावलं. उपयोग झाला नाही. तिने घासलेलं टोप पुन्हा घासायला घेतलं.

तेवढ्यात खिंडारात मोबाईलचा उजेड हलला. पुढे उजेर, हातात एक केळं. मागे तहसीन, दोन्ही हातांत फडक्याने धरलेलं टोप, आणि ते सांडू नये म्हणून पाऊल मोजून टाकत.

“काकी, बस,” ती म्हणाली.

“काय हाडलंस गो?”

“तू बस आधी. अम्मी करूक बघी होती, मी म्हटलंय, आज मी. तू जागी आसतलंस ता माका ठावूक होता.” तिने वाटी शोधली, पाटावर ठेवली, त्यात पेज वाढली. “चावून खा. पिऊची नाय.”

चुलीच्या या बाजूला मथुरेने सारं आयुष्य काढलं होतं. नवऱ्याला वाढलं, मुलाला वाढलं, या दोघांना वाढलं. पहाटेच्या काळोखात तिच्यापुढे मात्र कोणी वाटी ठेवली नव्हती. आईनेही नाही, कारण आईच्या घरी तीच थोरली होती. ती पाटावर बसली. वाटी दोन्ही हातांनी धरली. एक घास घेतला, चावला.

तहसीन तिच्यासमोर बसली, डोळे तिच्या तोंडावर.

“कशी झाली?”

पेज खाली लागली होती. मीठ तर पोर घालायलाच विसरली होती.

“करापली आसा गो,” मथुरा म्हणाली आणि वाटी पुन्हा पुढे केली.